१७ सप्टेंबरच्या आदल्या दिवशी : निजामाच्या फौजेतून आलेला परमवीर, कर्नल तारापोर

योगेश्वरीकर (अंबाजोगाई)

उद्या १७ सप्टेंबर, आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदन आहे आणि भाषण यंदाबी माझ्याकडंच आलंय. ते लिहायला बसलो अन् आजची तारीख बघून हात थांबला. १६ सप्टेंबर. १९६५ साली याच तारखेला सियालकोट भागात बुतूर डोगरांडी नावाच्या गावापाशी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर कामी आले. वय ४२, परमवीर चक्र, मरणोत्तर. पारशी माणूस, जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची, मग मराठवाड्याशी काय संबंध? संबंध आहे, अन् जरा अवघड आहे, म्हणून तर धागा काढलाय.

हा माणूस पहिल्यांदा वर्दीत आला तो निजामाच्या फौजेत.

घराण्याची हकीकत अशी सांगतात की त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होते, पराक्रमाबद्दल १०० गावं इनाम मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर, तेच आडनाव झालं. पुढं आजोबा हैदराबादला गेले, निजामाच्या अबकारी खात्यात नोकरीला. अर्देशीर म्हणजे घरातले आदी, जन्म १८ ऑगस्ट १९२३. सातव्या वर्षी पुण्याला सरदार दस्तूर बोर्डिंगमधे टाकलं, अभ्यासात बेताचे पण मैदानावर एक नंबर, १९४० ला मॅट्रिक झाले तेव्हा शाळेचे कॅप्टन होते. लहानपणीची एक गोष्ट सगळेच सांगतात, घरची गाय दावं तोडून सुटली अन् मोठ्या बहिणीच्या अंगावर गेली, तर हे पोरगं मधे जाऊन उभं राहिलं.

१ जानेवारी १९४२ ला ७ वी हैदराबाद इन्फन्ट्री. त्यांना मात्र पायदळात राहायचं नव्हतं, रिसाल्यात म्हणजे घोडदळात जायचं होतं. तिथं ती ग्रेनेडची घटना घडली. रंगरुटांचं ट्रेनिंग चालू होतं, एका शिपायाच्या हातून ग्रेनेड नीट फेकला गेला नाही अन् तो फेकायच्या खड्ड्यातच पडला. तारापोरांनी उडी मारली, उचलला, बाहेर भिरकावला. हवेत फुटला तो, पण कपचे त्यांच्या छातीत घुसले. निजामाच्या फौजेचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस हे बघायला हजर होते. त्यांनी या पोराला ऑफिसात बोलावून शाबासकी दिली, ह्यांनी तिथंच रिसाला मागून घेतला अन् मिळाला, पहिले हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याबरोबर मध्यपूर्वेत जाऊन आले.

आता हे जुळवून बघा. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, त्याच एल एद्रूसांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढं शरणागती पत्करली. हैदराबादची फौज विसर्जित झाली, त्यातल्या निवडक अधिकाऱ्यांना भारतीय सैन्यात घेतलं, तारापोर त्यातले एक, १ एप्रिल १९५१ पासून पूना हॉर्स या रेजिमेंटमधे. अन् १९६५ ला जेव्हा ते पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर म्हणून रणगाडे घेऊन सरहद्द ओलांडत होते तेव्हा भारताचे लष्करप्रमुख कोण होते, तर जनरल जयंतनाथ चौधरीच. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव. ज्यांनी हैदराबादची फौज मोडली त्यांच्याच हुकमाखाली त्या फौजेतला माणूस लढला आणि कामी आला, मधे फक्त १७ वर्षं.

मला वाटतं उद्याच्या भाषणात या माणसाला दोन मिनिटं तरी द्यावीत. आमच्या स्टाफमधे एकदोघांना पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

मांजराकाठ

सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण मला बी नाही पटलं. परमवीर चक्राला माझा सलाम, त्याबद्दल वाद नाही. पण १७ सप्टेंबर हा दिवस लोकांचा आहे. आमची आज्जी त्या साली सहा महिन्यांचं लेकरू काखेत घेऊन रात्रीची सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेली, कॅम्पात राहिली, ते लेकरू म्हणजे आमचे थोरले चुलते. ती मरेपर्यंत निजामाच्या फौजेचं नाव निघालं की उठून आत जायची. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी कुठला, आमच्या लातुरातच वकिली करायचा. आता त्या दिवशी त्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं कौतुक मुलांपुढं करायचं तर निदान त्या बाईसाठी तरी मला उठून आत जावं लागंल. तारापोरांचं भाषण २६ जानेवारीला करा की. मी स्वतः येईन ऐकायला.

पैठण गेट

मांजराकाठ दादा, तुमच्या आज्जीचं दुःख खरंच आहे, पण रझाकार वेगळे अन् राज्याची खडी फौज वेगळी. रझाकार ही रझवीची खाजगी सेना, पगारी शिपाई न्हवते ते. दोघं एकाच दरबाराच्या आसऱ्यानं उभे होते हे मान्य, म्हणून लोकांच्या मनात ते एकच झाले. सरांच्या अंबाजोगाईचंच घ्या, तेव्हा नाव मोमिनाबाद, तिथं ३ गोलकुंडा लान्सर्स होते, भारतीय फौज लातूरहून तिथं पोचली तर नावापुरता प्रतिकार करून त्यांनी हत्यारं खाली ठेवली. म्हणजे रिसाल्याच्या शिपायाला बी कळत होतं काय करायचं अन् काय नाही. उलट जालन्याकडं लढाई जरा जोरात झाली.

हिंगोली फाटा

यात एक गंमत नाही म्हणणार, पण लक्षात ठेवावी अशी गोष्ट सांगतो. हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद ही सगळी गावं इंग्रजांच्या काळात 'हैदराबाद कंटिंजंट'च्या छावण्या होत्या. आमच्याकडं जुनी माणसं अजून 'कंटिंजंटची विहीर' असं काहीबाही बोलायची. ही फौज निजामाच्या पैशावर पण इंग्रज अधिकाऱ्यांची. तिच्यातूनच पुढं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, इंग्रजी फौजेतली, निजामाची नव्हे, अन् १९४५ ला तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट केलं. देशाचं पहिलं परमवीर चक्र कुणाला? मेजर सोमनाथ शर्मा, ४ कुमाऊँ, ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. हात प्लास्टरमधे असताना मॅगझिनी भरून भरून जवानांना देत होते. अन् त्यांना कमिशन मिळालं होतं ते हैदराबाद रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनमधे. म्हणजे परमवीराच्या यादीत 'हैदराबाद' हे नाव पहिल्या ओळीपासूनच लपून बसलंय. तारापोरांचं तर सरळ निजामाच्या स्वतःच्या फौजेतून आलेलं. या दोन गोष्टी लोक एक करतात म्हणून लिहिलं.

जालन्याचा वाटसरू

मला एक साधा प्रश्न. आपल्या मराठी पोरांचं का नाही लिहीत कुणी? शिपाई नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्री, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी, दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, मग परत जाऊन तीन मशीनगनच्या चौक्या एकट्यानं बंद केल्या, बांधावर उभं राहून छत्रपतींच्या नावाची गर्जना केली अन् मागच्या कंपन्यांना पुढं बोलावलं, व्हिक्टोरिया क्रॉस. आमच्या पोरांना हे नाव विचारा, दहातल्या एकाला बी माहीत नसंल.

योगेश्वरीकर

वाटसरू, अगदी बरोबर, नामदेव जाधवांवर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. सेकंड लेफ्टनंट राणेंचाबी काढा, एप्रिल १९४८ ला नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत, रणगाड्याच्या पोटाखालून त्याच्या बरोबरीनं सरपटत गेलेला माणूस, जिवंतपणी परमवीर मिळालेला पहिला. पण इथं मला तारापोरच धरून ठेवायचेत, कारण राणे अन् जाधवांबद्दल आपल्या मनात शंका नाही, ह्यांच्याबद्दल आहे.

मांजराकाठ, तुमच्या आज्जीचं वाचून गप्प बसलो होतो. आमच्या आजोबांचं सांगतो. ते बी सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. त्यांना निजामाचं नाव चालायचं नाही. पण १९६५ ला घरी रेडिओ नव्हता म्हणून ते रोज संध्याकाळी बाजारातल्या हॉटेलावर जाऊन बातम्या ऐकायचे, फिलोरा, चविंडा ही सियालकोटकडच्या लढाईतली नावं त्यांना मरेपर्यंत तोंडपाठ होती. त्यांना माहीत नव्हतं की तिथं लढणारा कर्नल कुठल्या फौजेतून आलाय. माहीत असतं तर काय म्हणाले असते याचा मी आज दिवसभर विचार करायलोय.

परभणीचा फौजी (निवृत्त ईएमई)

नमस्कार मंडळी. मी २४ वर्षं ईएमई मधे, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात होतो, त्यातली बरीच रणगाड्याच्या रेजिमेंटसोबत एलएडी मधे, म्हणजे टॅंक बिघडला की तिथल्या तिथं दुरुस्त करणारी तुकडी. ६५ च्या नंतर खूप वर्षांनी भरती झालो त्यामुळं ती लढाई मी बघितली नाही पण सेंच्युरियनवर काम केलेल्या वस्तादांच्या हाताखाली शिकलो. वर बरंच लिहिलंय पण त्या सहा दिवसांत काय झालं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो, टायपिंग हळू आहे, चुका माफ करा.

पूना हॉर्सकडं सेंच्युरियन टॅंक होते, वजन ५० टनाच्या आसपास, आत चार माणसं, ड्रायव्हर, गनर, लोडर, कमांडर. समोर पाकिस्तानकडं अमेरिकेचे पॅटन, नवीन, नावाजलेले. ११ सप्टेंबरला फिलोरा घ्यायचं काम यांच्या रेजिमेंटला मिळालं. फिलोरा अन् चविंडाच्या मधून मागच्या बाजूनं जात असताना वझीरवालीकडून पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. तारापोर जागचे हलले नाहीत, हल्ला परतवला अन् एक स्क्वाड्रन घेऊन पायदळाबरोबर फिलोऱ्यावर गेले. तिथं जखमी झाले. मागं पाठवायला निघाले तर नकार. १४ ला वझीरवाली. १६ ला, तीच जखम अंगावर घेऊन, जस्सोरां अन् बुतूर डोगरांडी. त्यांच्या स्वतःच्या टॅंकवर बरेच मार बसले होते. तरी दोन्ही ठिकाणं धरून ठेवली म्हणजे पायदळाला मागून चविंड्यावर जाता यावं. तिथंच गोळा लागून गेले. रेजिमेंटनं त्या दिवसांत शत्रूचे अंदाजे ६० टॅंक उडवले, स्वतःचे ९ गेले, हे मानपत्रातले आकडे आहेत.

आता मी माझ्या कामाचं सांगतो. टॅंकची हॅच म्हणजे वरचं झाकण बंद केलं की कमांडरला पेरिस्कोपच्या काचेतून फटीएवढं दिसतं. धूळ, धूर, उभं पीक, कोण आपला कोण त्यांचा कळत नाही. उघडी ठेवून छातीपर्यंत बाहेर राहिलं तर सगळं दिसतं, पण तोफखान्याच्या कपच्या, गोळी, सगळं सरळ अंगावर. तारापोर उघड्या कपोलात, म्हणजे टॅंकच्या माथ्यावरच्या कमांडरच्या जागेत, उभे राहूनच लढवायचे. कर्नल बाहेर उभा आहे हे दिसलं की बाकीचे कमांडर हॅच लावत नाहीत, हे कुणी हुकूम करून होत नाही. आमचे वस्ताद म्हणायचे, रेजिमेंटचा डोळा म्हणजे सीओची (कमांडिंग ऑफिसरची) मान. बस, मला एवढंच म्हणायचं होतं. मानपत्रात 'नेतृत्व' असा एक शब्द येतो, त्याच्या आत हे आहे.

अन् रात्री. दिवसभर लढून टॅंक मागं एका जागी गोळा होतात, डिझेल पेट्रोल, गोळे भरायचे, पट्टा तुटला असंल तर जोडायचा, आमची माणसं रात्रभर जागी. सीओ झोपत नाही. पाच रात्री जखम घेऊन.

मांजराकाठ

फौजी काका, सलाम. हे वाचताना अंगावर काटा आला. पण एक खरं विचारतो, राग मानू नका, चविंडा तर आपल्याला मिळालंच नाही ना शेवटी? २३ ला युद्धबंदी झाली तेव्हा चविंडा त्यांच्याकडंच होतं.

परभणीचा फौजी (निवृत्त ईएमई)

नाही मिळालं. खरं आहे. बुतूर डोगरांडीला ८ गढवाल या पायदळाच्या पलटणीचीबी फार माणसं गेली. पण बेटा, शौर्यपदक गाव मिळालं म्हणून देत नाहीत. गाव मिळणं न मिळणं वरच्या नकाशाचं काम, पायदळ वेळेवर आलं का, तोफखाना मिळाला का, शंभर गोष्टी. ज्यानं आपलं काम शेवटपर्यंत सोडलं नाही त्याला पदक. पदक बघायचं असंल तर त्या माणसाच्या जागी उभं राहून बघ, नकाशावरून नको.

धाराशिवची लेक

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. आमचे मालक १७ वर्षं पायदळात होते, कारगिलच्या वेळी मी दोन लेकरं घेऊन सासरी होते.

तारापोरांचं एक कुणी लिहिलं नाही. त्यांनी लढाईच्या आधीच त्यांच्या मेजर चीमांना सांगून ठेवलं होतं की मी गेलो तर माझं दहन इथं रणभूमीवरच करा. पारशी लोकांत दहन नसतं, हे किती मोठं आहे बघा. अन् मग वस्तू वाटून दिल्या. प्रार्थनेचं पुस्तक आईला. सोन्याची साखळी बायकोला. अंगठी मुलीला. ब्रेसलेट अन् फाउंटन पेन मुलाला, अन् मुलाला सांगा फौजेत जा म्हणून. तसंच केलं लोकांनी, तिथंच दहन केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं लक्ष वस्तूंवर गेलं. फौजी माणसाच्या अंगावर असतं किती हो, एवढंच. साखळी, अंगठी, पेन. आमचे मालक जाताना घड्याळ काढून ठेवायचे टेबलावर, मला वाटायचं विसरले, दोनदा मी पाठीमागं पळत गेले. तिसऱ्यांदा कळलं विसरत नाहीत. परत आल्यावर पहिल्यांदा घड्याळ बांधायचे मग पाणी प्यायचे. ते सुखरूप परत आले, देवीची कृपा. पण ती यादी मी कधी पूर्ण वाचू शकले नाही, साखळीपाशीच थांबते.

मांजराकाठ भाऊ, तुमच्या आज्जी आत गेल्या असत्या हे मी समजू शकते. मला एवढंच वाटतं की त्या बाईनं लेकरू काखेत घेऊन रात्र काढली अन् ह्या बाईला साखळी आली, दोघींना एकमेकींचं कळलं असतं.

पैठण गेट

ताई 🙏 काही लिहायला सुचेना.

हिंगोली फाटा

परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरांचं बी इथं आठवलं. युरोपात जन्मलेली बाई, मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली, इंद्राचं वज्र पदकावर आणलं तिनं, दधिची ऋषींनी हाडं दिली ती कथा. पदक ब्रॉन्झचं, फीत जांभळी. आजपर्यंत फक्त २१ जणांना मिळालंय, २०२३ च्या २३ जानेवारीला अंदमानातल्या २१ बेटांना त्यांची नावं दिली, त्यात एक तारापोरांच्या नावाचं. अन् पूना हॉर्सचं दुसरं परमवीर १९७१ ला अरुण खेत्रपालांचं, जन्म पुण्याचा, १६ डिसेंबर, वय २१. एकाच रेजिमेंटला सहा वर्षांत दोन. त्या पोरानं रेडिओवर टॅंक सोडायचा हुकूम ऐकून नाही म्हणून सांगितलं, माझी तोफ चालू आहे म्हणाला. कपोलात उभं राहणारा सीओ ज्या रेजिमेंटनं बघितलाय तिथल्या पोराला हे शिकवावं लागत नसणार.

योगेश्वरीकर (१७ सप्टेंबर, दुपारी)

झेंडावंदन झालं. सांगायचं म्हणून सांगतो काय केलं. पहिली आठ मिनिटं स्वामी रामानंद तीर्थ, कॅम्प, सत्याग्रह, ज्या माणसांनी नांगर सोडून तुरुंग बघितला ती माणसं. मांजराकाठ, तुमच्या आज्जीचं नाव न घेता ती रात्र सांगितली, तुमची परवानगी आधी विचारायला हवी होती, माफ करा. मग फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, १७ सप्टेंबर १९४८, १६ सप्टेंबर १९६५. ग्रेनेडची गोष्ट सांगितली. मग चौधरी साहेबांचं. वस्तूंच्या यादीवर आलो तेव्हा मी बी साखळीपाशीच थांबलो ताई, पुढचं पोरांना पुढच्या तासाला सांगितलं.

आठवीतल्या एका पोरानं विचारलं, सर मग ते आपले का त्यांचे? मी म्हटलं १९४२ ला कुणाला माहीत होतं कोण कुणाचं होणार, ग्रेनेड पडला तेव्हा तो शिपाई कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही. खरं तर याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला देता आलं नाही. तुमच्याकडं असंल तर लिहा.

मांजराकाठ

सर माफी कशाची. घरी वाचून दाखवलं. थोरले चुलते, म्हणजे तेच लेकरू, आता सत्तरीच्या पुढं आहेत. ऐकून म्हणले, १७ तारखेला ह्याचं नाव घेतलेलं मला अजून जड जातंय, पण आदल्या दिवशी, १६ ला, मी दिवा लावीन. तेवढं माझ्याकडून.

योगेश्वरीकर

त्यांना माझा नमस्कार सांगा. १६ तारीखच ठेवू मग, दरवर्षी.

फौजी काका, एक विनंती. दिवाळीनंतर नववीची सहल नगरला रणगाडा संग्रहालयात न्यायची ठरवतोय, तिथं सेंच्युरियन अन् पकडलेला पॅटन दोन्ही आहेत. तुम्ही परभणीहून येऊ शकाल का? कपोला काय असतो ते पोरांना तुमच्या तोंडून ऐकू द्यावं असं वाटतंय. जाण्यायेण्याचं आम्ही बघतो.

परभणीचा फौजी (निवृत्त ईएमई)

येतो. जाण्यायेण्याचं काही बघू नका. फक्त सकाळी लवकर पोचा, टॅंक उघड्यावर उभे असतात, अकरानंतर लोखंडाला हात लावू देत नाही. पोरांना पाण्याच्या बाटल्या घेऊन यायला सांगा.